तीन नंबरच्या खुर्चीत कोण होतं?

१

फीत कोरी होती.

पाकीट बंद, वर शिक्का, शिक्क्यावर तारीख, सगळं कसं नियमात. अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने पाकीट फोडलं, फीत मशीनवर चढवली आणि समितीचे पाच जण माना पुढे काढून ऐकत बसले. वीस मिनिटं नुसती खरखर. ना कॅप्टनचा आवाज, ना नियंत्रण कक्षाचा. एकशे त्रेचाळीस माणसांना घेऊन भरदुपारी समुद्रावरून नाहीशा झालेल्या विमानाचं शेवटचं बोलणं कोणीतरी पुसून टाकलं होतं आणि पाकीट पुन्हा नीट चिकटवून ठेवलं होतं.

"चला, म्हणजे आता ऐकण्याचा त्रास वाचला," मास्तरीण म्हणाली.

तिला मास्तरीण म्हणत, कारण तिने एकतीस वर्षं विमान नियंत्रक घडवले होते. समितीवर एक निवृत्त नियंत्रक असलाच पाहिजे असा नियम, आणि बाकीचे निवृत्त एकतर आजारी नाहीतर शहाणे, म्हणून हिला बोलावलं होतं. तिच्या जिभेला हाड नाही हे अध्यक्षांना ठाऊक होतं. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "बाई, तुम्हाला सहीसाठी बोलावलंय, शिकवण्यासाठी नाही."

सही उद्या अकराला व्हायची होती. अहवाल टाईप होऊन तयार होता. निष्कर्ष एका ओळीचा: कॅप्टनने जाणूनबुजून, कोणालाही न कळवता, विमान मार्गाबाहेर नेऊन समुद्रात घातलं.

"फीत नसली तरी तिची टाईप केलेली प्रत आहे," अध्यक्ष म्हणाले. "शिफ्टप्रमुखांनी तपासून दिलेली. उद्याचं उद्याच होईल."

"आणि फीत पुसणारा?"

"त्याची वेगळी चौकशी लावू."

"म्हणजे अहवालावर सही करून मग चोर शोधायचा. छान. मला आजचा दिवस द्या. नाहीतर उद्या सहीच्या जागी मी काय लिहीन ते वर्तमानपत्रवाल्यांना फार आवडेल."

अध्यक्षांच्या कपाळाची शीर उडायला लागली. पण त्यांनी दिवस दिला.

अभिलेख खोलीच्या वहीप्रमाणे फितीचा कप्पा, ती टाईप झाल्यानंतर, तीनच माणसांसाठी उघडला होता: शिफ्टप्रमुख, विमान कंपनीचा व्यवस्थापक आणि त्या दुपारी तीन नंबरच्या खुर्चीत बसलेली नियंत्रक, म्हणजे शिफ्टप्रमुखांची सून.

शिफ्टप्रमुख तिथेच होते. सगळे त्यांना दादा म्हणत. उंच, ताठ, इस्त्रीची घडी न मोडणारा माणूस. मास्तरीण कोपऱ्यात पाठमोरी उभी राहून थर्मासमधला चहा ओतत होती. तिने तोंडदेखलं विचारलं, "दादा, चहा घेणार का?"

"सहाला घरी जाणार," दादा तुटकपणे म्हणाले. "त्याआधी काय ते विचारून घ्या."

माज बघा, असं मनात म्हणत तिने कप स्वतःच्याच तोंडाला लावला.

२

व्यवस्थापकाने तिला बसायलाही सांगितलं नाही. टेबलावर पत्रांचा ढीग होता. विमान नाहीसं झाल्यापासून लोकांनी समितीला पाठवलेले आणि समितीने शेरे मारून कंपनीकडे धाडलेले तर्क. तो वरची वरची पत्रं उचलून तिच्यासमोर आपटत गेला.

"हे बघा. परग्रहवासी. हे, पाणबुडीने पाडलं. हे एका ज्योतिष्याचं, विमान वाळवंटात उभं आहे आणि सगळे सुखरूप आहेत. हे एका निवृत्त प्राध्यापकाचं, बावीस पानी, विमान कधी उडालंच नव्हतं म्हणे! लोकांना कामधंदे नाहीत. आणि त्यात आता तुम्ही."

"तुमचा तर्क कोणता?"

"माझा तर्क नाही, माझा पुरावा आहे. दोन वाजून एकतीस मिनिटांनी कॅप्टनला सांगितलं, पुढच्या केंद्राशी बोल. त्याने होकार दिला. बोलला नाही. पस्तीसला खुर्ची तीनने विचारलं, संपर्क झाला का? तर म्हणतो, 'दूर आहे. कळवतो.' एकेचाळीसला त्याचा ठिपका पडद्यावरून गेला. तीन हाका मारल्या, उत्तर नाही. ज्याच्या विमानात बिघाड होतो तो ओरडतो, बाई. हा गप्प बसला. वर त्याच सकाळी बायकोशी भांडून निघालेला. अजून काय हवंय?"

"तुम्ही अभिलेख खोलीत कशाला गेला होता?"

"कंपनीचा हक्क आहे तो."

"सामानाच्या कप्प्यात काय होतं यावर कोणी काही बोललंय का, ते बघायला?"

व्यवस्थापकाचा चेहरा दगडासारखा झाला. "घरगुती सामान होतं. यादी तुमच्याकडे आहे."

यादी तिने वाचली होती. घरगुती सामानात वार्निशचे बहात्तर डबे होते. एवढं वार्निश लागणारं घर तिने तरी पाहिलं नव्हतं.

"फीत मी पुसली असती," तो दार उघडून धरत म्हणाला, "तर टाईप केलेली प्रतही फाडली असती. मी अर्धवट काम करत नाही. निघा."

माणूस नालायक होता, पण हे मात्र खरं बोलला. जाताजाता तिने ढिगातून एक पत्र उचललं. ते एका दीपगृहाच्या राखणदाराचं होतं. त्या दुपारी तीनच्या सुमाराला त्याने एक मोठं विमान खूप खालून, मागे काळी रेघ ओढत, किनाऱ्याच्या दिशेने येताना पाहिलं होतं आणि नंतर ते टेकाडामागे समुद्राच्या बाजूला दिसेनासं झालं. पत्रावर लाल शेरा होता: 'दिशा उलट. विचारात घेऊ नये.'

३

सून तिची जुनी विद्यार्थिनी. मास्तरणीने तिला एकदा नापास केलं होतं आणि ते पोरीच्या अजून डोक्यात होतं.

"तुम्हाला मी तेव्हाही नको होते, आताही नको आहे," ती बसता बसताच म्हणाली. "विचारा."

"त्या दुपारचं सांग."

"मी अडीचला आले. आधीच्या माणसाकडून खुर्ची घेतली. मी बसले. कॅप्टनला पुढचं केंद्र दिलं. मग विचारलं, तो म्हणाला दूर आहे, कळवतो. मी ठीक आहे म्हणाले. ठिपका गेला तशी मी तीन हाका मारल्या. झालं."

"तो इंग्रजीत म्हणाला?"

"नाही. आपल्या भाषेत."

"आणि त्याआधीचं सगळं?"

"इंग्रजीत. नियमच आहे." तिने मान वर केली. "का?"

"काही नाही. तू पाठ चांगलं केलंयस. प्रतीतल्या शब्दाला शब्द."

"मला घरी जायचंय. माझं बाळ आजारी असतं. तेव्हाही होतं."

"तेव्हाही होतं?"

 सुनेने मिठाची गुळणी धरली ती धरलीच.

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर कॅप्टनची बायको बसली होती. नऊ महिने ती रोज येऊन बसत होती. येणारेजाणारे तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत. मेलेल्यांपैकी एकाचा भाऊ मात्र तसा नव्हता. तो रोज तिच्यासमोर उभा राहून हळू आवाजात घाणेरडं काहीतरी बोलून जाई आणि शिपाई भिंतीकडे बघत राही.

"तुम्हीपण सही करणार?" तिने मास्तरणीला विचारलं.

"अजून ठरवलं नाही."

"लवकर ठरवा. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. वर्गातल्या पोरी तिला विचारतात, तुझ्या बाबांनी किती जणांना मारलं? ती घरी येऊन मला विचारते, आई, एकशे त्रेचाळीसमध्ये बाबा धरायचे का? उद्या ते सरकारी कागदावर छापून आलं की मग तिला आयुष्यभर हेच. कुठल्याही गावात नेलं तरी हेच."

मास्तरीण तडक जिन्याकडे वळली. ती चिडली होती, आणि तिची चीड नेहमी कामाला लागायची.

४

टंकलेखक तळमजल्यावर बसत असे. कृश, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि स्वतःच्या कामाचा भलता अभिमान. मास्तरणीने त्याच्यापुढे प्रत टाकली.

"इथे एक चूक आहे."

"अशक्य," तो वर न बघता म्हणाला.

"वाच. अडीच वाजता. 'खुर्ची दिली.' त्याखाली?"

"'बसलो.'"

नियंत्रण कक्षात खुर्ची बदलताना जाणाऱ्याने 'खुर्ची दिली' म्हणायचं आणि येणाऱ्याने बसल्याचं सांगायचं, ही शिस्त मास्तरणीनेच घालून दिली होती. टेबलावरचा माईक ते टिपतो, मग कोण कधी बसलं यावर वाद नको. प्रतीत नावं नसतात, नुसतं 'खुर्ची तीन' असतं.

"तिथे बाई बसली होती," ती म्हणाली. "बाई 'बसले' म्हणेल. तू 'बसलो' टाकलंयस. एका कान्याचा फरक आहे, झाली असेल चूक."

टंकलेखकाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "सव्वीस वर्षं झाली. माझ्या हातून काना पडलेला नाही की चढलेला नाही. फितीत 'बसलो' होतं, मी 'बसलो' टाकलं. कोण बसलं ते बघणं माझं काम नव्हे!"

"पुरुषाचा आवाज?"

"खरखरीत, तुटक बोलण्यात काय कळणार? घोगरा होता. पण शब्द तोच."

"सगळं असंच कानाने ऐकून टाकलंस? शेवटपर्यंत?"

इथे मात्र तो घुटमळला. चष्मा काढून पुसायला लागला.

"शेवटची ओळ सोडून. कॅप्टनची. तिथे फार घरघर होती, मला नीट लागेना. मी पुन्हा पुन्हा फिरवून ऐकणार होतो, पण दादासाहेब शेजारी उभे होते. म्हणाले, 'दूर आहे, कळवतो' असं आहे, टाक. म्हणून टाकलं."

"म्हणजे ती ओळ तुझी नाही, दादांची."

"एवढी एकच," तो ओशाळून म्हणाला. "आजवर एवढी एकच."

५

दादा सहाला घरी जाणार होते. साडेपाचला मास्तरीण त्यांच्या केबिनमध्ये शिरली. सून तिथेच उभी होती.

"खुर्चीत तुम्ही होता," मास्तरीण त्यांच्यासमोर येऊन म्हणाली.

दादांनी तिच्या ओठांकडे बघितलं. मग हसले. "काहीतरीच काय! खुर्चीच्या वहीत सही हिची आहे."

"सही हिची, शब्द तुमचा. 'बसलो.'"

"आमच्या घरात बायका असंच बोलतात. आलो, गेलो, बसलो."

"तुमच्या घरातली ही बाई दुपारी माझ्याशी दहा मिनिटं बोलली. आले, बसले, म्हणाले. एकदासुद्धा 'आलो' निघालं नाही तोंडातून."

सून पुढे आली. "बाबा, पुरे. मला नाही होत आता." ती मास्तरणीकडे वळली. "बाळाला ताप चढला होता. मी फोन केला. बाबा म्हणाले, तू सावकाश ये, तोवर मी बसतो. मी सव्वातीनला पोचले. तोपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. खुर्ची देणारा बाबांच्याच हाताखालचा, त्याने कोणाला सांगितलं नाही."

"मग सरळ सांगायचं होतं! शिफ्टप्रमुखाला खुर्चीत बसता येतं की."

 मास्तरीण दादांकडे बघत राहिली. ओठांवर खिळलेली त्यांची नजर. सकाळी तिने पाठमोरं राहून विचारलेला चहा, आणि दादांनी ऐकलेलं 'सहा'. तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि तिने मुद्दाम खिडकीकडे तोंड फिरवून विचारलं, "कानाच्या तपासणीत कधी नापास झालात?"

"काय म्हणालात?" दादा म्हणाले.

सुनेने मान खाली घातली. "दीड वर्ष झालं. त्यांना खुर्ची मनाई आहे."

आता मात्र दादा उसळले. टेबलावर मूठ आपटून ओरडले, "हो, बसलो! हो, फीतही मी पुसली! माझा आवाज होता तिच्यावर. हिची नोकरी गेली असती, माझं नाव मातीत गेलं असतं. एवढंच केलंय मी. पण त्याने विमान बुडलं का? तो हरामखोर काही बोललाच नाही, तर कान असून तरी काय उपयोग होता? मी होतो काय, ही असती काय, काय फरक पडला असता?"

"तेच बघायचंय उद्या," मास्तरीण म्हणाली. तिचा राग उतरला होता.  तिला आता भीती वाटत होती.

६

अकराला समिती बसली. मास्तरणीच्या हट्टाने व्यवस्थापक, टंकलेखक, सून, दादा आणि कॅप्टनची बायको यांनाही आत घेतलं होतं. प्रत्येकापुढे एक कागद, एक पेन्सिल.

"शाळा घेताय की काय?" व्यवस्थापक म्हणाला.

"तुमची राहून गेलेली दिसते. मी शेजारच्या खोलीतून माईकवर बोलेन. मागे विमानाची घरघर लावली आहे, रेडिओवर येते तेवढीच. ऐकाल ते लिहा."

तिने एकेक शब्द सावकाश उच्चारला. धार. घडी. धडा. भात. मग थोडं थांबून एक वाक्य. परत येऊन तिने कागद गोळा केले आणि अध्यक्षांपुढे मांडले.

अध्यक्षांनी वाचायला सुरुवात केली. नऊ कागदांवर तेच: धार, घडी, धडा, भात. दहावा दादांचा. दार, गडी, दडा, बात.

"आता शेवटचं वाक्य वाचा," मास्तरीण म्हणाली.

नऊ कागदांवर होतं, 'धूर आहे. वळतोय.'

दादांच्या कागदावर, त्यांच्या ताठ, सुबक अक्षरात होतं, 'दूर आहे. कळवतो.'

अध्यक्षांनी तो कागद बाकीच्या नऊ कागदांशेजारी ठेवला.

"त्यांना वाक्य पाठच आहे," व्यवस्थापक म्हणाला, पण त्याचा आवाज उतरला होता. "सवयीने लिहिलं असेल."

"असेल. म्हणून तर आधी चार शब्द घेतले. ते तर पाठ नव्हते." ती अध्यक्षांकडे वळली. "मला पहिल्यापासून एक गोष्ट खुपत होती. हा कॅप्टन सबंध प्रवासभर नियमाच्या इंग्रजीत बोलतो आणि एकच वाक्य आपल्या भाषेत. का? थंड डोक्याने फसवणारा माणूस फसवतानाही नियमाचीच भाषा बोलेल. जीव घाबरा झाला की माणूस आईच्या भाषेवर येतो. त्याला घाई होती. दोन गोष्टी कमीत कमी वेळात पोचवायच्या होत्या. धूर आहे. वळतोय."

"मग तो पुन्हा का ओरडला नाही?" अध्यक्षांनी विचारलं.

"कारण त्याला उत्तर मिळालं. प्रत बघा. खुर्ची तीन म्हणाली, 'ठीक आहे.' त्याला वाटलं, खाली कळलं. विमानतळ मोकळा करतील, बोटी सोडतील. तो विमान फिरवायच्या कामाला लागला. सहा मिनिटांत धूर तारांपर्यंत पोचला, ठिपका गेला, रेडिओ गेला. दीपगृहाच्या राखणदाराने मागच्या दिशेला विमान पाहिलं, मागे काळी रेघ. तुम्ही त्यावर लाल शेरा मारलात, कारण दिशा उलट. उलट असणारच! तो परत येत होता. आपण नऊ महिने पुढचा समुद्र धुंडाळतोय. आणि धूर कशाचा, ते बहात्तर डब्यांचे मालक सांगतील."

 व्यवस्थापकाचे डोळे दाराकडे गेले. दाराशी शिपाई होता.

"विमानात एकशे त्रेचाळीस जिवंत माणसं होती," मास्तरीण म्हणाली, "आणि दीपगृहापासून तीन मैलांवर मासेमारीच्या चाळीस बोटी होत्या. कोणी सांगितलं असतं तर त्या निघाल्या असत्या."

दादा जागेवरून उठले. त्यांनी अध्यक्षांपुढचे कागद ओढून घेतले. एकेक वाचला. टंकलेखकाचा. सुनेचा. पुन्हा स्वतःचा. या माणसाने काल फीत पुसल्याचं ठणकावून सांगितलं होतं, पण हे त्याला माहीत नव्हतं. आत्ता, सगळ्यांदेखत, कळत होतं.

"मला दूरच ऐकू आलं," ते म्हणाले. "देवाशप्पथ. मी ठीक आहे म्हणालो. मी त्याला ठीक आहे म्हणालो..."

सुनेने त्यांचा हात धरला. त्यांनी तो झटकला नाही. ते वळले, कॅप्टनच्या बायकोसमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

ती त्यांच्याकडे बघत नव्हती. स्वतःपुढच्या रिकाम्या टेबलाकडे बघत होती.

"बाई, अहवाल रद्द झाला," अध्यक्ष तिला म्हणाले. "कॅप्टनचं नाव आम्ही आजच्या आज स्वच्छ करू. तसं पत्रक निघेल. शाळेलाही पाठवू. तुम्हाला काही म्हणायचं असेल तर म्हणा."

"मुलीला एकदा तो कागद वाचून दाखवा. मी नाही दाखवू शकणार." तिचा आवाज इतका कोरडा होता की समितीतल्या एकाने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. तिने त्याला हात लावला नाही. "तुम्हाला वाटतं, मी नऊ महिने त्याच्या बाजूने बाकावर बसत होते. नाही हो. सकाळी आम्ही भांडलो होतो. जाताना मी म्हटलं होतं, परत नाही आलास तरी चालेल. मला वाटलं, त्याने ते ऐकलं. म्हणून गेला. मी रोज येत होते ते एवढ्यासाठी, की कोणीतरी सांगावं दुसरंच काहीतरी झालं होतं. मुलीने विचारलं, बाबांनी केलं का गं? तर मी नाही म्हणाले नाही. एकदासुद्धा म्हणाले नाही."

मग ती पहिल्यांदा दादांकडे वळली. ते तिच्या ओठांकडे डोळे लावून उभे होते, एकही अक्षर निसटू नये म्हणून.

"तो परत येत होता," ती त्यांना समजेल अशा बेताने, एकेक शब्द सुटा करत म्हणाली. "घरी येत होता तो."